टेम्पोभर सादगी

मोठ्या शहरांतल्या शिकलेल्या लोकांत अलीकडे एका शब्दाची चलती आहे. मिनिमलिझम. कमीत कमी वस्तूंत जगायचे, नको ते घराबाहेर काढायचे, मन मोकळे ठेवायचे. जपानच्या मारी कोंदो यांचे घर आवरण्यावरचे पुस्तक 2014 साली इंग्रजीत आले, 2019 मध्ये नेटफ्लिक्सवर त्यांची मालिका आली आणि जगभरातल्या सुखवस्तू माणसांनी आपापली कपाटे उपसली. जी वस्तू हातात घेतल्यावर आनंद वाटत नाही ती ठेवू नका, असे त्या सांगतात. सल्ला वाईट नाही. फक्त तो ज्याच्याकडे उपसण्याइतके आहे त्याच्यासाठी आहे. आवरलेले सामान ठेवायला पुन्हा सुबक डबे विकत मिळतात, हे वेगळेच.

आमच्या समाजातही हा वारा पोचला आहे. आमची तरुण मुलेमुली मोबाइलवर हे पाहतात आणि मोठ्या अभिमानाने म्हणतात, ‘हे तर आपल्याकडे चौदाशे वर्षांपासून आहे. सादगी ही तर आपली सुन्नत!’ बरोबर आहे. हुजूर (स.) स्वतःच्या चपला स्वतः दुरुस्त करीत, कपड्याला ठिगळ लावीत, चटईवर झोपत, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. जुम्म्याच्या बयानात ऐकतो, मिलादच्या जलशात ऐकतो. ऐकण्यात आम्ही कधी कमी पडलेलो नाही.

पण आम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे. तुमच्या कपाटात किती वस्तू आहेत, हा तो प्रश्न नव्हे. ते कपाट कुणाच्या पैशाने आले, हा आहे. आमच्या पुष्कळ घरांतले लोखंडी कपाट, दिवाण, ड्रेसिंग टेबल, फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, अगदी दारातली मोटारसायकलसुद्धा एका अशा माणसाच्या घामातून आलेली आहे, जो त्या घरात राहत नाही आणि आला तरी पाहुण्यासारखा खुर्चीच्या काठावर बसतो. तो सुनेचा बाप. तेव्हा आमच्याकडे साध्या राहणीची चर्चा करायची तर ती कपाटापाशी करून भागणार नाही. निकाहपाशीच करावी लागेल.

आता कुणी हुंडा मागत नाही, असे सांगितले जाते. खरेच आहे, मागण्याची भाषा बदलली आहे. सोलापूरपासून नांदेडपर्यंत कुठल्याही मंगनीच्या बैठकीत मुलाकडचे वडीलधारे गृहस्थ छातीवर हात ठेवून म्हणतात, ‘हमना कुछ नको जी. अल्ला का दिया सब है. तुम्हारी बेटी कू तुमना जो देना सो देव.’ हे वाक्य वरवर किती नम्र आहे! पण मुलीच्या बापाला त्याचा अर्थ अचूक कळतो. मागितले असते तर घासाघीस तरी करता आली असती. ‘जो देना सो देव’ म्हटल्यावर वजाबाकीला जागाच राहत नाही. आता मोजमाप थोरल्या सुनेने काय आणले त्याचे, शेजारच्या गल्लीत काय आले त्याचे, बिरादरी काय म्हणेल त्याचे. आणि निकाहच्या आदल्या दिवशी भरलेला टेम्पो गल्लीत शिरतो. शक्यतो दिवसाउजेडी शिरतो, म्हणजे सगळ्यांना दिसावा. वरती आडवा बांधलेला पलंग असतो. सादगी असेलच तर ती त्या टेम्पोच्या तळाशी कुठेतरी दबलेली असते.

याला धर्माचा आधारही दिला जातो. म्हणे हजरत फातिमा (रजि.) यांनाही हुजूरनी जहेज दिले होते, मग आम्ही दिले तर काय बिघडले? ही जहेज-ए-फातिमीची सबब आम्ही इतक्या वेळा ऐकली आहे की तिचा एकदा नीट हिशेब मांडायला हवा. हदीसच्या ग्रंथांत जे नोंदले आहे ते असे: एक कापड, पाण्याची एक मशक आणि सुगंधी गवत भरलेली एक चामडी उशी. काही रिवायतींत जाते आणि घडे येतात. संपली यादी. हे सामान कोणाच्या पैशातून आले? परंपरा सांगते की हजरत अली (रजि.) यांच्याजवळ मेहर द्यायला काही नव्हते. हुजूरनी विचारले, तुझे ते चिलखत कुठे आहे? ते चिलखत विकले गेले, आणि त्याच पैशातून नव्या संसाराची ही मोजकी जमवाजमव झाली. म्हणजे ज्याला आम्ही ‘जहेज’ म्हणतो त्याची किंमत नवऱ्यामुलाने चुकवली होती, तीही आपली लढाईतली एकुलती एक मौल्यवान वस्तू मोडून. या घटनेचा दाखला देऊन जो सासऱ्याकडून मोटारसायकल घेतो, त्याने आधी आपले चिलखत कुठे विकले ते सांगावे.

गंमत पाहा, जहेज-ए-फातिमी सगळ्यांना पाठ आहे, मेहर-ए-फातिमी मात्र विस्मरणात गेली आहे. ती 500 दिरहम धरली जाते. आपल्याकडचे उलेमा त्याचा हिशेब 131 तोळे 3 मासे चांदी, म्हणजे दीड किलोच्या किंचित वर असा करतात. 2025 मध्येच ही रक्कम दीड लाखाच्या पुढे गेली होती. आणि आमच्या निकाहनाम्यांत काय लिहिले जाते? कुठे 786 रुपये, कुठे 1,051, कुठे फार झाले तर 5,100. तेही बहुतेक वेळा ‘उधार’. पुढे नवरा अंथरुणाला खिळला की चार बायका जमून बायकोकडून ती माफ करवून घेतात. अख्ख्या लग्नात साधेपणा पाळला जातो तो एवढ्या एकाच कलमात. जे कलम तिचे आहे, कुराणाने खुशीने द्यायला सांगितले आहे आणि कायद्याने मान्य केले आहे, तिथे आम्ही काटकसरीचे पुतळे होतो. ‘मेहर जास्त ठेवू नये, सादगीत बरकत असते,’ असे सांगणारा माणूस त्याच हॉलमध्ये चारशे ताटांची बिर्याणी खाऊन घरी जातो!

लग्नसमारंभाचेही तेच. आमच्या मराठवाड्यात एके काळी दालचा आणि भात एवढ्यावर अख्खे गाव जेवत असे. जमिनीवर दस्तरखान, एका तबकात चौघे. गोडाला जर्दा झाला तर झाला. लोक समाधानाने ढेकर देऊन दुआ देत. आता मंगनी वेगळी, हळद वेगळी, मेंदी वेगळी, सांचक, निकाह, वलीमा, चौथी, मग पाच शुक्रवारच्या जुम्मेग्या. प्रत्येकाला कपडे वेगळे, फोटोवाला वेगळा. मंडपाचे भाडे, ड्रोनचे भाडे, नवरदेवाच्या फुलांच्या गाडीचे भाडे. निकाहला मात्र लागतो पंधरा मिनिटांचा वेळ: ईजाब, कबूल, दोन साक्षीदार, मेहर आणि खुत्बा.

मदीनेतला एक प्रसंग बुखारीत आहे. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) हे हुजूरच्या अगदी जवळच्या साथीदारांपैकी. एके दिवशी त्यांच्या अंगावर केशरी खुणा दिसल्या म्हणून हुजूरनी चौकशी केली, तेव्हा कळले की त्यांचे लग्न झाले आहे. खजुराच्या बीएवढ्या वजनाचे सोने मेहर दिली होती. हुजूरनी दुआ दिली आणि सांगितले, वलीमा कर, एक बकरी का होईना. या घटनेत आम्हाला सगळ्यात मोलाचे वाटते ते हे की त्या लग्नाला खुद्द हुजूरना बोलावणे नव्हते, आणि त्याचे कुणालाच काही वाटले नाही. रुसवा नाही, मानपान नाही, ‘आमच्या घरी पत्रिका द्यायला कोण आले होते’ ही विचारपूस नाही. आमच्याकडे चुलत मेहुण्याच्या साडूला पत्रिका उशिरा पोचली तर दोन पिढ्या बोलणे बंद होते.

पंचवीस माणसांत निकाह होतो की नाही, याची परीक्षा आमच्या डोळ्यांदेखत होऊन गेली आहे. 2020 मध्ये कोरोनामुळे लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. 2021 च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारने ती पंचवीसवर आणली, दोन तासांत समारंभ उरकायला सांगितले आणि नियम मोडणाऱ्या कुटुंबाला 50,000 रुपये दंड ठेवला. त्या दोन वर्षांत आमच्या मोहल्ल्यांत किती निकाह झाले! घरच्या ओसरीत झाले, मशिदीत झाले, गच्चीवर झाले. त्यांतला कुठला निकाह कच्चा ठरला? कोणत्या जोडप्याच्या संसारात त्यामुळे बरकत कमी पडली? उलट कितीतरी मुलींच्या बापांनी तेव्हा मनातल्या मनात शुक्र अदा केला असेल. आम्हाला वाटले होते, आता तरी बिरादरी शहाणी होईल. पोलिसांच्या भीतीने जे दोन वर्षे जमले ते अल्लाहच्या भीतीने पुढेही जमेल. निर्बंध उठले आणि पहिल्याच हंगामात हॉलच्या तारखा मिळेनाशा झाल्या. जणू दोन वर्षांचे व्याज वसूल करायचे होते.

व्याजावरून आठवले. आमच्याकडे व्याज हराम आहे. बँकेतल्या बचत खात्यावर जमा झालेले शे-दोनशे रुपये काय करावेत म्हणून मौलानांना विचारणारे पापभीरू लोक आमच्यात आहेत, आणि त्यांचा आम्हाला आदर आहे. पण त्याच मोहल्ल्यातला हातगाडीवाला, गॅरेजवाला, हमाल मुलीच्या लग्नासाठी शेकडा पाचच्या दराने पैसे उचलतो. महिन्याला शेकडा पाच! आईच्या नावावर बचत गटाचे एक कर्ज, मायक्रोफायनान्सचे दुसरे, सोनाराकडे आजीची शेवटची बोरमाळ. तेव्हा कुणी फतवा विचारत नाही आणि कुणी देत नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅम सोन्याचा भाव लाखावर गेला. तरी ‘कमीत कमी पाच तोळे तरी’ ही भाषा बदललेली नाही. ज्याचा महिन्याचा पगार पंधरा हजार आहे त्याने पाच तोळे कुठून आणायचे? तो आणतो. धाकट्या मुलाची शाळा त्यात जाते. खुद्द नवऱ्यामुलीचे शिक्षण तर आधीच गेलेले असते, कारण दहावीनंतर कॉलेजची फी भरायची की सोन्याची भिशी भरायची, या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरांत ठरलेले आहे.

2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाचे नाव घेतल्याशिवाय आमच्या एकाही व्यासपीठावर भाषण होत नाही. सरकारने आम्हाला काय दिले नाही याची यादी त्यातून वाचली जाते, आणि ती वाचलीच पाहिजे. तो आमचा हक्क आहे. देशाची साक्षरता 65.1 टक्के असताना मुसलमानांची 59.1 होती. सहा ते चौदा वयाची आमची चारांतली एक मुलगी किंवा मुलगा शाळेत कधी गेलेच नव्हते किंवा मधूनच बाहेर पडले होते. या आकड्यांमागे दारिद्र्य आहे, शाळांची वानवा आहे, भेदभाव आहे. हे सगळे मान्य करून आम्ही विचारतो, याच गरीब समाजाच्या खिशातून दर हंगामात मंडपवाल्याकडे, सराफाकडे आणि सावकाराकडे जो पैसा जातो, तो कोणत्या सरकारने काढून नेला? तिथे कोणता पक्ष आडवा आला?

‘माझ्याकडे आहे, मी खर्च करतो, तुमचे काय जाते?’ असे आमचे धनिक बांधव म्हणतात. त्यांनाच आम्हाला सर्वांत जास्त बोलायचे आहे. गरिबाला साधेपणा शिकवू नये. तो साधाच असतो, त्याला तसे राहू दिले जात नाही. हा चढाओढीचा जिना वरून खाली बांधला गेला आहे. बिल्डरने मुलीच्या लग्नात जे केले ते पुढच्या वर्षी शिक्षक करतो, शिक्षकाचे पाहून रिक्षावाला करतो. कोकणात हे उघड दिसते. 1973 नंतर तेलाचे भाव चढले आणि खेड, चिपळूण, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या भागांतली आमची माणसे कुवेत, दुबई, सौदीला गेली. त्यांनी हाडाची काडे करून पैसा पाठवला. त्याचे काय झाले? गावागावांत दुमजली, तिमजली बंगले उभे राहिले. आठ खोल्यांना कुलूप, आणि खालच्या एका खोलीत म्हातारे आईबाप टीव्हीसमोर बसलेले. पहिल्याने बांधला म्हणून दुसऱ्याने बांधला. ज्या मुलासाठी तो बंगला, तो मुंब्र्याला नाहीतर आखातातच भाड्याच्या दोन खोल्यांत. वरच्याने एक पायरी चढली की खालच्याला चढावीच लागते, मग त्याचे गुडघे फुटले तरी चालतील. म्हणून उतरायचे असेल तर आधी वरच्याने उतरायला हवे. ज्याला पाचशे माणसे जेवू घालणे सहज शक्य आहे त्याने पन्नास माणसांत मुलीचा निकाह लावला, तर मोहल्ल्यातल्या पन्नास बापांची मान मोकळी होईल. ज्याला परवडतच नाही त्याने तसे केले, तर लोक त्याला फक्त गरीब म्हणतील.

दुसरी सबब अशी की ही सगळी शेजारच्या समाजाची लागण आहे. म्हणजे दोष हिंदूंचा! आम्हाला हे पटत नाही. शेजाऱ्याकडून घेण्यासारखेही पुष्कळ होते. याच महाराष्ट्रात 1873 साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि भटजीशिवाय, फाटा मारलेल्या खर्चात लग्ने लावून दाखवली. ते आम्ही घेतले नाही. वरदक्षिणा तेवढी घेतली, आणि तिला अरबी-फारसी नाव दिले. लागण झाली असेल तर औषध घ्यावे. आजाराला सुन्नत म्हणू नये.

आणि आता त्या गोष्टीकडे येऊ, जिच्याबद्दल आमच्याकडे सगळ्यात कमी बोलले जाते. जहेज इतक्या उत्साहाने का दिले जाते? बापाची माया आहे, बिरादरीची भीती आहे, पण भावांचा एक हिशेबही आहे. कुराणाने मुलीला वारसाहक्कात वाटा दिला आहे, मुलाच्या निम्मा, पण ठरवून दिलेला. तो कुणाच्या मर्जीवर ठेवलेला नाही. बाप वारल्यावर बहीण तो मागायला आली की भाऊ म्हणतो, ‘तुझ्या लग्नात काय कमी दिले होते?’ मग दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा होतो. ती काही बोलत नाही, कारण माहेर तुटेल. म्हणजे जमीन, घर, दुकान भावांकडे राहिले. आणि तिला मिळाले कपाट, जे गंजते, फ्रिज, जो दहा वर्षांत भंगारात जातो, आणि सोने, जे नवऱ्याच्या पहिल्याच धंद्यात मोडले जाते. टेम्पोत भरलेले सामान डोळ्यांत भरते, तिचा गेलेला वाटा कुणाला दिसत नाही. जहेज बंद करून तिचा हिस्सा द्या, असे म्हटले की जहेजविरोधी भाषणे ठोकणारेही खाली बघतात. वस्तू कमी करण्याची गोष्ट इथे संपते आणि मालकीची सुरू होते.

प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. तब्लिगी इज्तेमात एकेका बैठकीत पुष्कळ निकाह लागतात. गावोगावच्या जमाती सामुदायिक निकाह लावतात. 2021 मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने साध्या निकाहची मोहीम काढली. स्वागतच आहे. पण इज्तेमात निकाह लावून आलेल्याचा वलीमा चार दिवसांनी त्याच हॉलमध्ये तशाच थाटात होतो, आणि टेम्पो तर मागच्या दाराने आधीच आलेला असतो. मशिदीत निकाह हीसुद्धा आता एक शोभा झाली आहे. त्याचीही छायाचित्रे काढून घेतली जातात.

म्हणून आमचे मागणे उपदेशाचे नाही. ते काझींकडे आणि जमातीच्या जबाबदार मंडळींकडे आहे, आणि अगदी कागदी आहे. 1961 चा हुंडाबंदी कायदा आमच्यालाही लागू आहे; त्यात फक्त मेहर वगळली आहे, जहेज नाही. त्याच कायद्याखाली 1985 साली नियम झाले. लग्नात दिलेल्या प्रत्येक वस्तूची यादी करायची, वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव, त्याचे नाते लिहायचे, आणि खाली वधू-वरांनी सही करायची. चाळीस वर्षे झाली, अशी यादी आम्ही एकाही निकाहनाम्याला जोडलेली पाहिली नाही. काझींनी ती मागावी. मेहरच्या रकान्याखाली आणखी एक रकाना छापावा: मुलीकडून काय आले, किती किमतीचे आले. ‘काही नाही’ असेल तर तसे लिहून नवऱ्यामुलाने सही करावी. जो ‘हमना कुछ नको’ म्हणतो त्याला या सहीची अडचण काय? मेहर उधार असेल तर ‘उधार’ या शब्दापुढे ती कोणत्या तारखेला देणार ते लिहावे. एक प्रत मुलीच्या हातात द्यावी, सासरच्या कपाटात नव्हे.

असे सुचवले की जमातीतले जाणते लोक म्हणतात, ‘शुभ प्रसंगी असले कागद कशाला? मने दुखावतील.’ मुलीच्या बापाने स्टॅम्पपेपरवर कर्ज उचलले, तेव्हा तोही कागदच होता. त्यावर सही करताना त्याच्या शेजारी बसायला जमातीतले कोणी गेले नव्हते.